कन्व्हर्टिबल कार सीट : सारख्याच दिसणाऱ्या सीटमधून निवड कशी करायची?

जन्मापासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी सीट शोधताना पालक हमखास दोन-तीन मॉडेलपाशी येऊन अडकतात. रंग तोच, दिसायला तीच, किमतीत हजार-दोन हजारांचा फरक आणि वर्णनात तेच ते शब्द. अशा वेळी वारंवार विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

कन्व्हर्टिबल सीट म्हणजे नेमकी कोणती?

जी सीट आधी मागे तोंड करून (म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या डिकीकडे) आणि नंतर पुढे तोंड करून बसवता येते ती. हँडल असलेली, बाळासकट उचलून घरात नेता येणारी टोपलीसारखी सीट वेगळी. ती साधारण १३ किलोंपर्यंतच चालते. कन्व्हर्टिबल सीट गाडीतच राहते. काही मॉडेलमध्ये पुढे हार्नेस (सीटचे स्वतःचे पट्टे) काढून गाडीच्याच बेल्टने मूल बांधायची सोयही असते.

मांडीवर घट्ट धरून बसलं तर चालत नाही का?

नाही. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाऊन कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. १० किलोंचं बाळ त्या क्षणी १४० किलोंचं होतं. इतकं वजन कुणाच्याही हातात टिकत नाही. मोठ्या माणसाच्या बेल्टमध्ये बाळाला सोबत अडकवणं तर आणखी वाईट, कारण बाळाला धरून बसलेल्या त्या माणसाचा सगळा भार बाळावर येतो.

खोक्यावर एकीवर ०-१८ किलो, दुसरीवर ०-२५, तिसरीवर ०-३६ लिहिलंय. मोठा आकडा म्हणजे चांगली सीट ना?

बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते. तो आकडा सीट एकूण किती वजनापर्यंत वापरता येईल एवढंच सांगतो. पाहायचा आकडा वेगळा: मागे तोंड करून किती किलोंपर्यंत किंवा किती उंचीपर्यंत वापरता येते. तो खोक्यावर बहुधा बारीक अक्षरात किंवा फक्त माहितीपुस्तिकेत असतो.

तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं. जन्मतः एकूण लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून टक्कर झाली आणि मूल पुढे तोंड करून असलं, तर धड पट्ट्यांनी अडतं पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असलं की डोकं, मान आणि पाठ एकत्र सीटच्या कवचात दाबली जातात आणि जोर पाठभर पसरतो. म्हणूनच अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१८ मध्ये वयाची अट काढून टाकली आणि सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंड करूनच बसवा असं सांगितलं.

आता भारतात मिळणाऱ्या तीन ठरावीक प्रकारांकडे पाहू.

पहिली: ०-२५ किलो, बेल्टने बसणारी, मागे तोंड फक्त १३ किलोंपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मधल्या मापाचा मुलगा अडीच वर्षांच्या आसपास १३ किलोंवर जातो. मुलीला थोडा वेळ जास्त लागतो.

दुसरी: ०-१८ किलो, बेल्टने बसणारी, मागे तोंडही १८ किलोंपर्यंत. मधल्या मापाचं मूल १८ किलोंचं होतं ते पाचव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे वजनाची मर्यादा बहुधा आड येतच नाही. इथे आधी संपते ती कवचाची उंची. डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेजवळ आला की मागे तोंडाचा वापर थांबतो, मग वजन कितीही असो. नेमकं किती अंतर ठेवायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

तिसरी: ४०-१०५ सेंटिमीटर, आयसोफिक्सची (बेल्टऐवजी गाडीतल्या लोखंडी कड्यांना अडकणारी), मागे तोंड १०५ सेंमीपर्यंत. १०५ सेंमी उंची साधारण चार वर्षं उलटून गेल्यावर येते.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने पहिली जिंकते. आमच्या मते मात्र तिघींत ती शेवटची. १८ किलोंनंतरची सोय ही बूस्टरची (मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट लावण्याची) सोय असते, आणि त्या वेळी साधा उंच पाठीचा बूस्टर वेगळा घेता येतो. लहानपणी दुखावलेली मान मात्र परत मिळत नाही.

दुकानदार म्हणतो ९ किलो झाले की पुढे तोंड करा. खरं का?

९ किलो ही जुन्या मानकातली (आर-४४, पुढचा प्रश्न पाहा) किमान मर्यादा आहे. त्याआधी पुढे तोंड करायला मनाई आहे. ९ किलो झाल्याबरोबर करा असा तिचा अर्थ नाही. कित्येक मुलं १० महिन्यांतच ९ किलोंची होतात. नव्या मानकात (आर-१२९) तर १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे.

आर-४४ आणि आर-१२९ हे काय प्रकरण आहे?

दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाची (ईसीई) मानकं आहेत. आर-४४ जुनं, वजनाच्या गटांवर चालणारं: ०+ म्हणजे १३ किलोंपर्यंत, १ म्हणजे ९-१८, २ म्हणजे १५-२५, ३ म्हणजे २२-३६. त्यात समोरच्या टकरीची चाचणी आहे, बाजूच्या टकरीची नाही. आर-१२९ हे २०१३ पासून लागू आहे. ते उंचीवर चालतं आणि त्यात बाजूच्या टकरीची चाचणीही आहे. आय-साइझ हा त्याचाच एक प्रकार. युरोपात सप्टेंबर २०२४ पासून आर-४४ सीटची नवी विक्री बंद झाली. भारतात त्या अजून मिळतात. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ हे आर-४४ च्याच धर्तीवर आहे.

आर-४४ ची सीट टाकाऊ नाही. नीट घट्ट बसवलेली आर-४४ ही ढिली बसवलेल्या आर-१२९ पेक्षा कितीतरी चांगली. पण दोन सीट सगळ्या बाबतींत सारख्या असतील आणि बजेटमध्ये बसत असेल, तर आर-१२९ घ्या.

ऑनलाइन जाहिरातीत ‘ईसीई सर्टिफाइड’ लिहिलंय, तेवढं पुरे का?

पुरेसं नाही. सीटच्या कवचावर, बहुधा पाठीमागे किंवा तळाशी, नारिंगी स्टिकर असायला हवा. त्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो (जर्मनी १, फ्रान्स २, नेदरलँड्स ४), शिवाय मानकाचं नाव, वजन किंवा उंचीचा पल्ला आणि मान्यता क्रमांक. आर-४४ मध्ये हा मान्यता क्रमांक ०४ ने सुरू झाला पाहिजे; ०३ किंवा त्याआधीचा म्हणजे जुनी आवृत्ती. विक्रेत्याकडे या स्टिकरचा फोटो मागा. देत नसेल तर सीट घेऊ नका.

आयसोफिक्स घ्यावी की बेल्टची?

आधी गाडी बघा, मग सीट. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत हात घाला. २८० मिलिमीटर अंतरावर ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी कड्या लागल्या तर आयसोफिक्स आहे. जवळ छोटा टॅग किंवा शिवलेली खूणही असते. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत ती आहे, पण जवळजवळ नेहमी फक्त दोन कडेच्या जागांवर, मधे नाही.

दोन कड्यांवर सीट पुढे-मागे हलत नाही, पण वरचा भाग पुढे झुकू शकतो. म्हणून तिसरा आधार लागतो: एकतर गाडीच्या फरशीवर टेकणारा पाय, नाहीतर वरून मागे जाणारा पट्टा, ज्याला टॉप टिथर म्हणतात. पायाची सीट घेत असाल तर मागच्या फरशीखाली सामानाचा कप्पा नाही ना ते पाहा. कप्प्याच्या झाकणावर पाय टेकवायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते, कारण जोर आला की झाकण मोडतं. टॉप टिथरची कडी सीटच्या पाठीमागे, डिकीच्या फरशीवर किंवा मोठ्या गाडीत छताजवळ असते. सामान अडकवायच्या प्लास्टिकच्या हुकाला तो कधीही अडकवू नका.

आयसोफिक्सचा खरा फायदा हा की ती चुकीची बसवणं कठीण जातं. हिरवी खूण दिसली आणि तिसरा आधार लागला की झालं. बेल्टची सीट नीट बसली तर तितकीच पक्की असते, पण नीट बसवायला शिकावं लागतं. तोटाही लक्षात घ्या: काही आयसोफिक्स सीटना बेल्टचा पर्याय नसतो. गावी मामाची जुनी गाडी किंवा टॅक्सी घ्यायची वेळ आली की ती सीट निरुपयोगी ठरते. ज्यांचा प्रवास दोन-तीन वेगवेगळ्या गाड्यांतून होतो त्यांनी बेल्टवरही बसणारी सीटच घ्यावी.

फिरणारी ३६० अंशांची सीट घ्यावी का?

कंबरदुखी असलेल्या आजी-आजोबांना किंवा सिझेरियननंतर लगेच बाळाला आत-बाहेर करणाऱ्या आईला ती सोयीची आहे. सुरक्षेत तिचा वेगळा फायदा नाही. ती जड असते, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवणं जिवावर येतं आणि किंमतही जास्त. तितक्याच पैशांत मागे तोंडाची मर्यादा जास्त असलेली न फिरणारी सीट मिळत असेल तर आमचं मत तिला. फिरणारी घेतलीच, तर चालू गाडीत तिचं तोंड दाराकडे राहणार नाही याची दर वेळी खात्री करा.

अमेरिकेहून नातेवाईक सीट आणणार आहेत. चालेल का?

अमेरिकी सीटचं मानक वेगळं असतं. तिच्यावर नारिंगी स्टिकर नसतो आणि छातीवर आडवी क्लिप असते. अडचण दोन ठिकाणी येते. तिकडच्या गाड्यांचे मागचे बेल्ट पूर्ण ओढल्यावर कुलूपबंद होतात. आपल्याकडचे बहुतेक बेल्ट फक्त झटका बसला की अडतात, एरवी सैल सुटतात. त्यामुळे सीटमध्ये स्वतःचा लॉक-ऑफ, म्हणजे बेल्ट दाबून धरणारा चिमटा नसेल तर बसवलेली सीट वळणांवर हळूहळू ढिली होते. दुसरं, तिचे खालचे हुक आयसोफिक्सच्या कड्यांना लागतात, पण त्यांना वजनाची मर्यादा असते (सीट आणि मूल मिळून साधारण २९ किलो). लॉक-ऑफ असलेलं मॉडेल असेल तर आणा, नाहीतर इथेच घ्या.

आमची गाडी छोटी हॅचबॅक आहे. मागे तोंडाची सीट बसेल का?

बहुधा बसते, पण पुढची डावी सीट सरकवावी लागते. जास्त आडवी केलेली सीट जास्त जागा खाते. तान्ह्या बाळाला सुमारे ४५ अंशांचा कल लागतो, म्हणून पहिल्या वर्षीच जागा सगळ्यात कमी पडते. मान सावरू लागल्यावर पुस्तिकेत परवानगी असेल तर सीट थोडी उभी करता येते आणि पुढच्या माणसाचे गुडघे सुटतात. म्हणून सारख्या दोन सीटमध्ये कल बदलण्याच्या पायऱ्या जास्त असलेली छोट्या गाडीसाठी बरी.

जागा कोणती? मधे तीन बिंदूंचा बेल्ट असेल आणि सीट तिथे घट्ट बसत असेल तर मधे. नाहीतर मागे डावीकडे: आपल्याकडे ती फुटपाथची बाजू, मुलाला उतरवताना रस्त्यातून वाहणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून उभं राहावं लागत नाही.

पुढच्या सीटवर बसवली तर? लक्ष तरी राहतं.

समोर एअरबॅग चालू असताना मागे तोंडाची सीट पुढे कधीही नाही. एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. २०२१ पासून नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सक्तीची आहे आणि अनेक गाड्यांत ती बंद करायचं बटण नसतं. बाळाकडे पाहायला कुणीतरी मागे बसावं, हाच उपाय.

दुकानात काय तपासायचं?

मूल सोबत न्या आणि शक्य असेल तर गाडी दुकानासमोर आणून सीट प्रत्यक्ष बसवून पाहा. ही विनंती नाकारणाऱ्या दुकानातून घेण्याऐवजी परत घेण्याची सोय असलेली ऑनलाइन खरेदी बरी.

खांद्यांच्या पट्ट्यांची सगळ्यात खालची जागा टेपने मोजा, बैठकीपासून वर. मागे तोंड असताना पट्टे खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असताना रेषेत किंवा वरून. नवजात बाळासाठी घेत असाल तर हे माप १५-१८ सेंमी असलेली सीट चांगली. त्यापेक्षा वर असेल तर पट्टे कानांशी येतात आणि बाळ त्यांच्याखालून वर सरकतं. काही सीट ‘जन्मापासून’ म्हणून विकल्या जातात, पण अडीच-तीन किलोंच्या बाळाला त्यांचे पट्टे बसतच नाहीत. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळासाठी डॉक्टरांना विचारूनच सीट वापरा.

सगळ्यात वरची जागाही मोजा. मुलाला भिंतीला टेकवून जमिनीवर बसवा आणि जमिनीपासून खांद्यापर्यंतचं अंतर घ्या. दोन्ही मापांतला फरक म्हणजे सीट अजून किती वाढ सामावेल ते.

मग पट्टा ओढून बघा. एका हाताने, सहज घट्ट व्हायला हवा. ज्या सीटचा पट्टा दोन्ही हातांनी, पाय लावून ओढावा लागतो, तिचा पट्टा घाईच्या सकाळी ढिलाच राहतो. आम्ही हा मुद्दा कापडापेक्षा, कप होल्डरपेक्षा आणि रंगापेक्षा वर ठेवतो. लाल बटण दाबायला कडक असणं मात्र दोष नाही. मुलाने स्वतः उघडू नये म्हणून ते तसंच असतं.

बेल्टने घट्ट बसवायची कशी?

गाडी सपाट जागी उभी करा. बिल्डिंगच्या उतारावर कलाची रेघ चुकीची दिसते. सीटचा कल मागे तोंडाच्या खुणेवर आणा. बेल्ट निळ्या खुणांमधून घाला (मागे तोंडासाठी निळ्या, पुढे तोंडासाठी लाल). बकल लावा. मग सीटच्या आत गुडघा किंवा तळहात जोरात दाबा आणि कमरेच्या पट्ट्याचा सैलपणा खांद्याच्या पट्ट्यातून वर ओढून काढा. एकदा नाही, दोन-तीनदा. लॉक-ऑफ असेल तर तो बंद करा.

आता जिथून बेल्ट जातो तिथेच सीट धरून हलवा. कुठल्याही दिशेला २.५ सेंमीपेक्षा जास्त हलू नये. मागे तोंडाच्या सीटचं वरचं टोक थोडं हलणारच, ते तपासायचं नाही.

दोन गोष्टी बिघडतात. गाडीचा बेल्ट आखूड पडतो, विशेषतः जुन्या छोट्या गाड्यांत, कारण मागे तोंडाच्या वेळी त्याला पूर्ण कवचाला वळसा घालावा लागतो. बेल्ट लांबवायचा जोड लावू नका. दुसरी सीट निवडा. दुसरं, गाडीच्या बकलचा दांडा इतका लांब असतो की बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन वाकतं. तिथे जोर आला की ते उघडू शकतं. दुसऱ्या जागेवर बसवून पाहा, नाही जमलं तर ती सीट त्या गाडीसाठी नाही.

बाळाला दुपट्यात गुंडाळून बसवता येतं का?

आधी पट्टे, मग दुपटं. पाय मोकळे असतील असा साधा कपडा घाला, मांड्यांमधला पट्टा नीट येऊ द्या, बकल लावा, पट्टे ओढा आणि वरून दुपटं पांघरा. जाड स्वेटरचंही तसंच: टकरीत कापड दबतं आणि पट्टा ढिला होतो. कॉलरबोनजवळ पट्ट्याची उभी चिमटी घ्या. चिमटीत कापड धरता आलं तर अजून ओढायचा आहे. सीटसोबत न आलेल्या गाद्या, उशा, मानेचे रोल पट्ट्याखाली घालू नका.

आजी म्हणते, मागे तोंड करून बसवलं तर पाय मुडपून दुखतील. शिवाय बाळ रडतं.

मुलं मांडी घालून किंवा पाय गाडीच्या सीटच्या पाठीवर चढवून आरामात बसतात. घरात जमिनीवरही तशीच बसतात. पाय टेकले म्हणजे सीट लहान झाली असं नाही. रडण्याची कारणं वेगळी असतात: ऊन तोंडावर येणं, तापलेलं कापड, बरीच उभी ठेवलेली सीट. घाटात उलटी होत असेल तर निघण्याआधी पोटभर दूध टाळा आणि दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा. तान्ह्या बाळाला तर सलग फार वेळ सीटमध्ये ठेवूच नये. गाडीतून उतरल्यावरही सीटमध्ये झोपू देण्याची सवय नको. हनुवटी छातीवर आली की श्वास अडू शकतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मूल बेल्ट किंवा बालसुरक्षा सीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

ओळखीच्यांकडून जुनी सीट घेऊ का?

तिचा अपघात झालेला नाही हे तुम्हाला स्वतःला ठाऊक असेल, पुस्तिका आणि सगळे भाग असतील, आणि कवचावर कोरलेली मुदत संपलेली नसेल तरच. मुदत बहुधा उत्पादनापासून ६ ते १० वर्षं असते. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि ते बाहेरून दिसत नाही. अनोळखी माणसाकडून घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

धुवायची कशी? आणि बकल अडकलं तर?

कव्हर काढून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुवा आणि पावसाळ्यात पूर्ण सुकल्याशिवाय परत चढवू नका. आतल्या फोममध्ये बुरशी धरते. कव्हर काढण्याआधी पट्ट्यांच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो काढा, कारण परत लावताना पट्टा पिळलेला राहणं ही नेहमीची चूक. पट्टे मशीनमध्ये, ब्लीचमध्ये किंवा भिजवून धुवायचे नसतात. ओल्या फडक्याने पुसा. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा आणि सांडलेलं दूध साचून ते ‘टक्’ वाजेनासं होतं. पुस्तिकेत परवानगी असेल तर फक्त बकल कोमट पाण्यात हलवून, बटण दाबत-सोडत स्वच्छ करा. तेल, वंगण काही घालू नका. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असेल तर सीटवर पांढरी चादर टाकून ठेवा आणि मूल बसवण्याआधी बकलचा धातू स्वतःच्या मनगटाला लावून बघा.